अणिमांडव्याचा शूळ

न्यायनिवाड्याचे नियम सांगणाऱ्या आपल्या जुन्या स्मृतिकारांनीं एक गोष्ट मोठ्या प्रामाणिकपणानें नमूद करून ठेविली आहे. पुरावा कसा तोलावा, साक्ष कोणाची घ्यावी, तर्काला निर्णयांत स्थान कोणतें, याचा विचार करीत असतां नारद व बृहस्पति हे दोघेही मांडव्य ऋषीचें नांव काढतात, आणि जो चोर नव्हता तोही एकदां चोर ठरला होता याची न्यायाधीशास आठवण देतात. कायद्याच्या ग्रंथानें कायद्याच्याच चुकीचा दाखला पुढें ठेवावा ही सामान्य गोष्ट नव्हे. आपल्या हातून निरपराध्यास दंड होऊं शकतो, ही जाणीव ज्या शास्त्रास आहे त्याच शास्त्राला न्यायशास्त्र म्हणावें.

मांडव्याची कथा महाभारताच्या आदिपर्वांत आली आहे व बहुतेक वाचकांच्या ती कानांवरून गेली असेल. हा ऋषि मौनव्रत धरून आपल्या आश्रमाच्या दाराशीं तप करीत उभा होता. राजपुरुष पाठीस लागलेले चोर आश्रमांत शिरले आणि चोरीचा माल तेथें ठेवून आपणही दडून बसले. चोर कोणत्या वाटेनें गेले असें शिपायांनीं विचारलें, तेव्हां ऋषीनें उत्तर दिलें नाहीं. झडती झाली, माल सांपडला, चोरही सांपडले. मग न बोलणाऱ्या तापसाविषयीं संशय येण्यास कितीसा वेळ लागणार? राजानें सर्वांस मिळून एकच शिक्षा सांगितली व मांडव्य शुळावर चढला. तो तपोबलानें वांचला. राजाला खरी हकीकत कळल्यावर त्यानें पाय धरले व शूळ उपटून काढण्याचा प्रयत्न केला. परंतु तो निघेना. शेवटीं शूळ मुळाशीं तोडावा लागला, आणि आंत राहिलेलें टोंक तसेंच अंगांत वागवीत ऋषि पुढें हिंडत राहिला. त्या टोंकाला ‘अणि’ म्हणतात, म्हणून त्याचें नांव अणिमांडव्य पडलें.

या कथेंतील राजा दुष्ट नाहीं. चोरी खरी झालेली आहे, माल खरोखरच आश्रमांत मिळालेला आहे, शिपायांनीं लांच खाल्लेली नाहीं. तरी अन्याय झाला, तो कोठें झाला? तो सिंहासनावर झाला त्याच्या पुष्कळ आधीं आश्रमाच्या दारांतच होऊन गेला होता. समोर जो उभा आहे तोच अपराधी, असें शिपायांच्या मनानें ज्या क्षणीं घेतलें, त्या क्षणीं निकाल लागला. पुढें राजानें त्यावर शिक्का तेवढा मारला. निरपराध्यांना झालेल्या शिक्षांचा आपल्या प्रांतापुरता इतिहास पाहिला तर हीच गोष्ट पुनःपुन्हां आढळते. माणूस कोण आहे यावरून त्यानें काय केलें हें ठरविलें जातें, व एकदां ठरलें म्हणजे वरच्या न्यायासनांना तें उलगडतां येणें दुरापास्त होतें. प्रस्तुत लेखांत या इतिहासांतील चार प्रसंग वाचकांपुढें मांडावयाचे आहेत. त्यांपैकीं पहिल्या दोहोंचा धागा आमच्या शहराशीं, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेशीं व आतांच्या छत्रपती संभाजीनगराशीं, जुळतो.

पहिला प्रसंग घाशीराम कोतवालाचा. घाशीराम सावळदास हा मूळचा औरंगाबादेकडचा उत्तरहिंदुस्थानी ब्राह्मण. तो पुण्यास गेला, नाना फडणिसांची मर्जी त्यानें संपादन केली व इ. स. १७७७ मध्यें त्याला शहराची कोतवाली मिळाली. चौदा वर्षें त्यानें ती चालविली. मोरोबा कान्होबा यांनीं १८६३ सालीं त्याच्यावर पुस्तक लिहिलें व १९७२ सालीं विजय तेंडुलकरांचें नाटक रंगभूमीवर आलें, त्यामुळें त्याचें नांव आज सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या घटनेनें त्याचा अंत झाला ती न्यायाच्या दृष्टीनें फारशी कोणी तपासून पाहत नाहीं. १७९१ च्या श्रावणांत दक्षिणेसाठीं पुण्यास आलेल्या तेलंगी ब्राह्मणांची एक टोळी कोतवालाच्या बागेंतील फळांवरून त्याच्या माणसांशीं भांडली, असें परंपरेनें सांगतात. कोतवालाच्या शिपायांनीं त्यांना पकडून एका कोंदट कोठडींत डांबलें. दुसऱ्या दिवशीं मानाजी फांकड्यानें कुलूप फोडविलें तेव्हां आंत एकवीस प्रेतें निघालीं. तीं चोरांचीं आहेत, असें कोतवालानें वर कळविलें होतें, असें जुने वृत्तांत सांगतात.

या एका शब्दांत सारें प्रकरण सांठविलेलें आहे. परमुलखांतील माणसें, भाषा निराळी, शहरांत ओळखीचें कोणी नाहीं, जामीन राहण्यास कोणी नाहीं. त्यांना चोर म्हटल्यानें तीं चोर होतात, आणि चोर म्हटल्यावर तीं कोठडींत कशीं ठेविलीं याची विचारपूस करण्याची कोणास गरज भासत नाहीं. रामशास्त्री प्रभुणे यांचा काळ होऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. प्रत्यक्ष पेशव्याच्या चुलत्याला खुनाचें प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश ज्या शहरानें पाहिला, त्याच शहरांत एका कोतवालाच्या शब्दावर एकवीस माणसांचा प्राण गेला. म्हणजे न्यायाधीश कितीही निःस्पृह असला तरी त्याच्यापर्यंत प्रकरण पोंचलेंच नाहीं तर त्याच्या निःस्पृहतेचा उपयोग काय? आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मेलेले ब्राह्मण होते म्हणून शहर खवळलें. घाशीरामाला संतप्त जमावाच्या स्वाधीन करण्यांत आलें व ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं लोकांनीं त्याला दगडांनीं ठेंचून मारलें. तोही न्याय नव्हे. ती एका अविचाराची दुसऱ्या अविचारानें केलेली फेड होती. ज्या व्यवस्थेंत कोतवालाला वाटेल त्याला पकडतां येत होतें ती व्यवस्था त्या दगडांनीं मेली नाहीं.

मराठी राज्य गेलें आणि इंग्रजी राज्याबरोबर लेखी कायदा आला. आतां तरी माणसाचा निवाडा त्याच्या कृत्यावरून होईल अशी अपेक्षा करण्यास जागा होती, व कांहीं अंशीं ती सफळही झाली. तथापि त्याच कायद्याच्या पोटांत एक जुनी खोड नव्या नांवानें वाढत होती. इ. स. १८२४ मध्यें फिलिप मेडोज टेलर नांवाचा सोळा वर्षांचा इंग्रज मुलगा निजामाच्या फौजेंत नोकरी मिळवून औरंगाबादेच्या छावणींत दाखल झाला. पुढें मराठवाड्यांत तुळजापूर, नळदुर्ग या भागांत त्यानें अधिकार चालविले, आणि ठगांच्या जबान्यांवरून १८३९ सालीं ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहून तो इंग्लंडांत एकाएकीं प्रसिद्धीस आला. ठगांच्या क्रूरपणाचें जें चित्र आज जगाच्या डोळ्यांपुढें आहे त्यांतील पुष्कळसा भाग या पुस्तकानें रंगविलेला आहे.

वाटसरूंना विश्वासांत घेऊन गळफास लावणाऱ्या टोळ्या खरोखरच होत्या व त्यांनीं पुष्कळ जीव घेतले, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. प्रश्न आहे तो त्या टोळ्यांतील माणसें ओळखण्यासाठीं कोणती रीत स्वीकारली हा. मेलेला वाटसरू परमुलखाचा, साक्षीदार नाहींत, प्रेतें पुरलेलीं; तेव्हां स्लीमन व त्याचे सहकारी यांनीं सारी भिस्त माफीच्या साक्षीदारांवर ठेविली. पकडलेला ठग आपला जीव वांचविण्यासाठीं साथीदारांचीं नांवें सांगे. त्या नांवांवरून घराण्यांच्या वंशावळी तयार होत, आणि वंशावळींत ज्याचें नांव आलें तो संशयित होई. अशा पुराव्यावर साधा खुनाचा खटलासुद्धां टिकणें कठीण होतें. ती अडचण १८३६ च्या तिसाव्या ॲक्टानें दूर केली. ठगांच्या एखाद्या टोळींत माणूस कधींही, कोठेंही, कायदा होण्यापूर्वीं किंवा नंतर सामील होता एवढें सिद्ध झालें कीं त्याला जन्मभर सक्तमजुरी द्यावी, असें त्या कायद्यानें ठरविलें. कोणाचा खून, कोणत्या दिवशीं, कोणत्या वाटेवर, हें विचारण्याची आवश्यकता उरली नाहीं. टेलरनें आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत दिलेल्या आंकड्यांप्रमाणें १८३१ ते १८३७ या सात वर्षांत ४१२ जणांस फांशी झाली व १०५९ जणांस समुद्रापार पाठविण्यांत आलें. यांतील खरे अपराधी किती व केवळ कोणी नांव घेतलें म्हणून गेलेले किती, हें आतां कोणालाही सांगतां येणार नाहीं. अन्यायाचा हिशेबसुद्धां राहूं नये हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष होय.

ठगांचें प्रकरण मिटलें, पण त्यांतून निघालेली कल्पना मिटली नाहीं. माणूस टोळीचा असतो, टोळी घराण्याची असते, घराणें जातीचें असतें. मग जातीलाच गुन्हेगार कां म्हणूं नये? १८७१ च्या सत्ताविसाव्या ॲक्टानें हेंच केलें. त्या कायद्याच्या चर्चेंत सरकारपक्षाकडून मांडलेलें समर्थन प्रसिद्ध आहे: या देशांत सुतार सुताराच्या पोटीं व विणकर विणकराच्या पोटीं येतो, त्याचप्रमाणें गुन्हेगारही पिढीजात असलाच पाहिजे. जातिव्यवस्थेचें असें उलटें शास्त्र आमच्या शास्त्रीमंडळींनींही कधीं सांगितलें नसेल! कायद्याप्रमाणें सरकारनें एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली कीं तिच्या प्रत्येक माणसानें नांव नोंदवावें, परवान्याशिवाय गांव सोडूं नये. आणि ती जाहिरात योग्य कीं अयोग्य हा प्रश्न कोणत्याही न्यायालयानें विचारूं नये. प्रथम उत्तरेकडील प्रांतांस लावलेला हा कायदा १९११ मध्यें मुंबई इलाख्यालाही लागू झाला व १९२४ मध्यें पुन्हां नवा करण्यांत आला. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तेथें हजेरी देऊन गिरणींत कामास जाणारीं व परत हजेरीस येणारीं कुटुंबें एका पिढीनें आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं आहेत.

यांत इतिहासाची एक विलक्षण थट्टा आहे. ज्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनच्या कायदेमंत्रिपदाच्या काळांत १८७१ चा हा कायदा झाला, त्याच स्टीफननें पुढल्याच वर्षीं, १८७२ सालीं, हिंदुस्थानास पुराव्याचा कायदा दिला. पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं, हें त्या कायद्याचें सुप्रसिद्ध कलम. पोलिसांच्या हातीं सांपडलेल्या माणसाच्या तोंडून वाटेल तें वदवितां येतें हें कायद्याला ठाऊक होतें, म्हणूनच तें घालण्यांत आलें. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम अमलांत आला आहे, परंतु हा नियम त्यांतही कायम आहे. एका वर्षाच्या अंतरानें एकाच छापखान्यांतून दोन कायदे निघाले. एक म्हणतो, पोलिसांच्या शब्दावर कोणाला दोषी धरूं नका. दुसरा म्हणतो, या या जमातींना जन्मतःच दोषी धरा. पहिला कायदा वकील करूं शकणाऱ्यांच्या वांट्याला आला, दुसरा ज्यांना वकील माहीतच नव्हता त्यांच्या वांट्याला.

स्वतंत्र भारतानें ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द केला व त्या जमातींना ‘विमुक्त’ हें नांव मिळालें. घाशीरामाच्या मृत्यूचीही तारीख ३१ ऑगस्टच, हा केवळ योगायोग. परंतु दोन्ही दिवशीं माणूस किंवा कायदा गेला आणि रीत मागें राहिली, एवढें साम्य त्यांत आहे. कायदा पुस्तकांतून खोडतां येतो, ठाण्यांतल्या मनांतून खोडण्यास किती काळ लागतो, हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं लातूरकडील लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें आत्मकथन वाचावें. तें १९८७ मध्यें प्रसिद्ध झालें, व त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिकही मिळालें. गांवांत चोरी झाली कीं पोलीस कोणाच्या झोपडीकडे वळतात याचें त्या पुस्तकाइतकें उघडें वर्णन मराठींत क्वचितच आढळेल. मध्यमवर्गीय घरांतून तें वाचलें गेलें, वाखाणलें गेलें. पण त्याचा अर्थ फौजदारी न्यायाच्या दृष्टीनें काय होतो, हा विचार आपल्यापैकीं फार थोड्यांनीं केला.

तो अर्थ काय होतो, हें चौथ्या प्रसंगानें दाखविलें. ५ जून २००३ च्या रात्रीं नाशिक भागांत बागेंतील एका झोपडींत दरोडेखोर शिरले. त्यांनीं एका कुटुंबांतील पांच माणसें ठार केलीं. घरांतील स्त्रीवर व तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केले. मुलगी मेलेल्यांत होती. आई व एक मुलगा जखमी होऊन वांचले. गुन्हा इतका अमानुष होता कीं तो ऐकून कोणाचेंही रक्त तापावें. पुढें पोलिसांनीं सहा जणांना आरोपी केलें. ते भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर होते. वांचलेल्या साक्षीदारांनीं ओळखपरेडींत व न्यायालयांत त्यांना ओळखलें. २००६ मध्यें नाशिकच्या सत्रन्यायालयानें सहाही जणांस फांशी सांगितली. मार्च २००७ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तिघांची फांशी कायम केली व तिघांची जन्मठेपेवर आणिली. ३० एप्रिल २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आरोपींचें अपील फेटाळलें, आणि सरकारचें मान्य करून ज्या तिघांचे प्राण वांचले होते त्यांनाही पुन्हां फांशी दिली. ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नांवानें हा निकाल कायद्याच्या अहवालांत छापला गेला.

त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनीं, १३ मे २००९ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठानें बरियार खटल्यांत एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. फांशी देतांना गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचाही विचार केला पाहिजे, हें १९८० च्या बचनसिंग खटल्यांतील घटनापीठाचें मत डावलून पूर्वीं कांहीं जणांस फांशी सांगितली गेली होती, असें त्या निकालानें दाखवून दिलें. शिंदे खटल्याचा निकालही त्याच सदोष निकालांच्या मालिकेंतला होता. २०१२ मध्यें चौदा निवृत्त न्यायाधीशांनीं राष्ट्रपतींना पत्रें लिहून अशा तेरा कैद्यांची फांशी रद्द करण्याची विनंती केली. या सहांचा त्या तेरांत समावेश होता. न्यायाधीशांनीं निवृत्तीनंतर आपल्याच न्यायालयाची चूक जाहीरपणें सांगावी, हा प्रसंग आपल्या न्यायेतिहासांत गौरवानें लिहून ठेवण्याजोगा आहे. तरीही तोंपर्यंत वाद शिक्षेचा होता; या माणसांनीं गुन्हा केलाच नसेल, हा विचार अद्याप पुढें आलेला नव्हता.

तो पुढें आला तो २००९ चा निकाल मागें घेऊन अपिलें नव्यानें ऐकण्याचें २०१८ सालीं ठरलें तेव्हां. ज्या तिघांची जन्मठेप फांशींत वाढविली त्यांचें म्हणणें ऐकूनच घेतलें गेलें नव्हतें, हें या पुनर्विचाराचें निमित्त झालें. मग तीन न्यायाधीशांनीं, म्हणजे न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर व न्या. शहा यांनीं, पुरावा पहिल्यापासून वाचला, आणि अभिलेखांत एक गोष्ट पडून असलेली त्यांना आढळली. गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनीं, ७ जून २००३ रोजीं, वांचलेल्या आईला पोलिसांनीं सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांचें पुस्तक दाखविलें होतें, आणि त्यांतून तिनें चार माणसें ओळखलीं होतीं. तीं चार माणसें या सहांपैकीं नव्हतीं. त्या चौघांचें पुढें काय झालें? त्यांचा तपास झाला नाहीं, त्यांना पकडलें नाहीं, आणि ही ओळख न्यायालयापासून दडवून ठेवण्यांत आली. ५ मार्च २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहाही जणांस निर्दोष ठरविलें. प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई द्यावी, व तपासांत कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना हुडकून त्यांच्यावर कारवाई करावी, असाही हुकूम झाला. आरोपी भटक्या जमातीचे व समाजाच्या तळच्या थरांतले असल्यामुळें त्यांना खोटेंच गोंवलें गेलें असण्याचा संभव नाकारतां येत नाहीं, असें न्यायालयानें आपल्या निकालांत स्पष्ट म्हटलें. तुरुंगांत तोंवर जवळजवळ सोळा वर्षें गेलीं होतीं. सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळीं अल्पवयी होता, असें मधल्या काळांत चौकशींत ठरलें होतें. म्हणजे कायद्यानें ज्याला फांशी देतांच येत नाहीं अशा मुलानें फांशीच्या कैद्याचीं वर्षें काढलीं.

या खटल्यांतील न्यायाधीशांची एकदां मोजदाद करावी. सत्रन्यायालयांत एक, उच्च न्यायालयांत दोन, सर्वोच्च न्यायालयांत दोन, असे पांच न्यायाधीश या माणसांना अपराधी म्हणून गेले. त्यांपैकीं कोणाच्याही हेतूविषयीं शंका घेण्यास आधार नाहीं. मांडव्याच्या राजाप्रमाणें त्यांच्यापुढें जें आणून ठेवलें तें त्यांनीं तोललें. तराजू खरा होता. पारड्यांत काय घालावयाचें नाहीं हें मात्र आधींच कोणीतरी ठरवून टाकलें होतें. अपिलाच्या पायऱ्या कितीही वाढविल्या तरी प्रत्येक पायरीवर तेच कागद चढत असतील तर चूक खालून वर जातांना शुद्ध होत नाहीं, उलट प्रत्येक शिक्क्यानें ती अधिक पक्की होते. गुन्हा जितका भयंकर तितकी ही क्रिया जलद घडते. समाजाला कोणीतरी शासनास पात्र हवा असतो, ठाण्याला तपास संपवावयाचा असतो, आणि ज्याच्यासाठीं कोणी येणार नाहीं असा माणूस समोर असतो.

येथें त्या मातेविषयीं एक शब्द लिहिणें अवश्य आहे. तिला कोणीही खोटी म्हणूं नये. रात्रीच्या अंधारांत, प्रियजनांच्या रक्तांत पडलेल्या स्त्रीच्या स्मरणशक्तीवर किती भार टाकावयाचा, याचा विचार तपास करणाऱ्यांनीं करावयाचा असतो. प्रत्यक्ष पाहिलेला माणूस ओळखण्यांत प्रामाणिक साक्षीदारही चुकतो, हें जगानें फार मोठी किंमत देऊन शिकलें आहे. लंडनमध्यें अडॉल्फ बेक नांवाच्या गृहस्थास १८९६ सालीं अनेक स्त्रियांनीं आपल्याला फसविणारा म्हणून शपथेवर ओळखलें. त्यानें शिक्षा भोगली. १९०४ मध्यें पुन्हां तसाच दोषी ठरला. आणि मग खरा ठक सांपडला! इंग्लंड त्या एका चुकीनें हादरलें व १९०७ सालीं तेथें फौजदारी अपिलांचें न्यायालय स्थापन झालें. नाशिकच्या खटल्यांत तर त्या मातेवर दुहेरी अन्याय झाला. तिनें दोन दिवसांच्या आंत चार चेहरे दाखविले होते. तिचें तें म्हणणें बाजूला सारून सहा निराळे चेहरे तिच्यापुढें उभे करण्यांत आले. निरपराध्याला शिक्षा होते तेव्हां खरा अपराधी मोकळा राहतो. खरे गुन्हेगार या कसुरीमुळें सुटून गेले, असें सर्वोच्च न्यायालयालाही म्हणावें लागलें. ‘गुन्हेगारांची कींव कशाला?’ असें विचारणारे सद्गृहस्थ आपल्या घरोघरीं आहेत. निरपराध्यांच्या बाजूनें बोलणारा माणूस गुन्हा ज्यांच्यावर घडला त्यांच्याही बाजूनें बोलत असतो, हें त्यांनीं या खटल्यावरून पाहावें.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. पोलिसांना तपासांत जें जें मिळालें तें सर्व, आरोपीला उपकारक असलें तरी, न्यायालयापुढें आलेंच पाहिजे, हा पहिला. गरीब आरोपीला मिळणारा सरकारी खर्चाचा वकील नांवापुरता न राहतां कागद वाचणारा असला पाहिजे, हा दुसरा. कारण तें छायाचित्रांचें प्रकरण कोणीतरी पहिल्याच न्यायालयांत नेटानें पुढें रेटलें असतें तर पुढचीं तेरा वर्षें वांचलीं असतीं. तिसरा उपाय भरपाईचा. १९८३ मध्यें बिहारच्या रुदुल साह याला सर्वोच्च न्यायालयानें भरपाई देवविली. निर्दोष सुटल्यावरही त्याला चौदा वर्षें तुरुंगांत ठेवलें होतें! परंतु अशी भरपाई न्यायालयाच्या दयेवर अवलंबून राहूं नये, तिच्यासाठीं कायदाच असावा, अशी शिफारस विधि आयोगानें २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालांत केली आहे. आणि चौथी गोष्ट फांशीची. २००९ नंतर या सहा जणांना लवकर फांशी गेली असती तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखविला असता? चुकीची कैद अर्धीमुर्धी भरून काढतां येते. चुकीची फांशी शिल्लकच कांहीं ठेवीत नाहीं.

या सर्व उपायांच्या मुळाशीं मात्र आपलें आपणच करावयाचें एक काम आहे. वर्तमानपत्रांत ‘अमुक जमातीच्या टोळीस अटक’ असें वाचतांच आपण पान उलटतों. कारण आपल्या मनानें निकाल दिलेला असतो. घाशीरामाच्या कोतवालींत ‘चोर’ हा शब्द जें काम करीत होता, स्लीमनच्या वंशावळी जें काम करीत होत्या, १८७१ च्या कायद्यांतील याद्या जें काम करीत होत्या, तेंच काम आपल्या मनांतील ती अस्पष्ट यादी आजही करते. ठाणेदार आपल्यांतूनच जातो, न्यायाधीशही आपल्यांतूनच जातो. सुशिक्षित कुटुंबांत जेवणाच्या पानावर जें बोललें जातें तें एका पिढीनें खाकी डगला व काळा झगा घालून बाहेर पडतें.

महाभारतांतील कथा राजाच्या क्षमायाचनेनें संपत नाहीं. अणिमांडव्य यमधर्माकडे गेला व आपल्याला हा शूळ कोणत्या पापामुळें लाभला असें त्यानें विचारलें. लहानपणीं तूं एका पतंगाला काडी टोंचली होतीस, असें धर्मानें उत्तर दिलें. तेव्हां ऋषि संतापला. बाळपणींच्या अजाण कृत्याला एवढा दंड देणाऱ्या धर्मालाच त्यानें शूद्रयोनींत जन्म घेण्याचा शाप दिला, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पाप लागणार नाहीं अशी मर्यादा घालून दिली. तोच धर्म विदुर म्हणून दासीच्या पोटीं आला व राजसभेंत बसूनही सिंहासनापासून दूर राहिला. न्याय करणाऱ्यालाही न्यायाचा जाब द्यावा लागतो, आणि ज्यांच्यावर तो निर्णय देतो त्यांच्या जागीं बसून जग पाहावें लागतें, असें या शापाचें तात्पर्य मी समजतों. नाशिकच्या खटल्यांतील त्या सहा जणांनीं कोणाला शाप दिल्याचें ऐकिवांत नाहीं. त्यांना पांच पांच लाख रुपये देण्याचा हुकूम झाला, म्हणजे राजानें शूळ मुळाशीं तोडला. आंतलें टोंक काढण्याची विद्या कोणत्याही राज्यापाशीं अद्याप नाहीं. म्हणून शूळ चढविण्यापूर्वींच हात थांबला पाहिजे, आणि तो थांबविण्याची खरी जागा आश्रमाचें तें दार होय, जेथें कोणीतरी मुका माणूस उभा असतो व शिपाई त्याच्याकडे बोट दाखवीत असतात.